आमच्यानंतर त्याच्या तळहातावर कोण बोलेल?

वाचकांचे प्रश्न

प्रौढ दिव्यांगांच्या निवासाविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातला प्रश्न मला गेल्या अनेक वर्षांत निरनिराळ्या आयांनी जवळजवळ त्याच शब्दांत विचारलेला आहे.

प्रश्न : माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे. मला दिवस असताना तिसऱ्या महिन्यात अंगावर पुरळ उठून ताप आला होता. तो रुबेला होता, हे मुलगा झाल्यावर कळले. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तान्हेपणीच झाली, पण आता त्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. मुंबईत काही वर्षे शिकून तो घरी आला. स्वतः अंघोळ करतो, जेवतो, पापडाच्या लाट्या करून देतो, कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालतो. मी त्याच्याशी हातावर खुणा करून बोलते. त्याच्या वडिलांना त्यांतल्या थोड्याच येतात. यांचे वय ६७, माझे ६२. हे राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले आहेत. मुलगी पुण्यात असते. ती ‘मी सांभाळीन’ म्हणते, पण तिच्या संसारावर हे कायमचे सोपवावे असे आम्हाला वाटत नाही. आम्ही दोन निवासी संस्था पाहून आलो. एकीची इमारत नवी, खोल्या स्वच्छ, पण अनामत रक्कम मोठी. दुसरी जुन्या घरात, तिथे चौदा जण राहतात, जागा अपुरी वाटली. कोणती निवडावी? आणि आम्ही धडधाकट असताना त्याला तिथे ठेवले, तर पोटच्या मुलाला टाकले असे होईल का?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. टाकणे कशाला म्हणतात, ते मी पाहिले आहे. आईवडील गेल्यावर, तेराव्याच्या गडबडीतच, एखादा नातेवाईक अशा मुलाला गाडीत बसवून अनोळखी जागी सोडून येतो, आणि आई का येत नाही हे त्याच्या हातावर सांगणारे तिथे कोणीही नसते. तुम्ही दोघे हिंडतेफिरते असताना, त्याच्यासोबत जाऊन, त्याला सवय होईपर्यंत ये-जा करून हे घडवलेत, तर तुम्ही आई म्हणून करायचे ते सर्व केलेत असेच मी म्हणेन.

दोन संस्थांपैकी कोणती, हे दोन्ही न पाहता मी सांगू शकत नाही. मात्र कशावरून ठरवावे ते सांगते. तुम्ही इमारत, खोल्या आणि जागा यांविषयी लिहिले आहे, पण तिथल्या कोणी तुमच्या मुलाच्या हाताला हात लावून त्याच्याशी काही बोलण्याचा प्रयत्न केला का, याविषयी पत्रात एक शब्दही नाही. माझ्या मते निवड तिथून सुरू व्हायला हवी. केवळ अंध असलेला माणूस आवाजावरून जग ओळखतो, केवळ कर्णबधिर असलेला डोळ्यांनी. बधिरांध माणसाला मात्र हात पोहोचेल तेवढेच जग असते, आणि त्या जगाच्या पलीकडची प्रत्येक बातमी दुसऱ्या कोणाच्या तरी हातातूनच त्याच्यापर्यंत येते. अंधांसाठी उत्तम चालवलेली संस्था किंवा कर्णबधिरांसाठी नावाजलेली संस्था त्याच्यासाठी आपोआप योग्य ठरत नाही, ती याच कारणामुळे.

काही वर्षांपूर्वी एका निवासी संस्थेत मला एका तरुणाला पाहण्यासाठी बोलावले होते. त्याच्या नोंदवहीत ‘आक्रमक’ असे लिहिलेले होते आणि त्याला दिवसभर गुंगी येणारे औषध सुरू होते. मी जेवणाच्या वेळेपर्यंत थांबले. सेवक मागून आला, त्याने त्याचा दंड धरला आणि त्याला उभे करून ओढतच पंगतीत नेऊन बसवले. त्या तरुणाने हात झाडले, ताट उडाले. कोण आले, कुठे न्यायचे आहे, कशासाठी, यांतले काहीही त्याला कोणी सांगितले नव्हते. अंधारात अचानक कोणी आपला दंड पकडला तर आपणही तेच करू. तिथे स्वयंपाकाला मदत करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांना मी एवढेच शिकवले की समोरून यायचे, त्याच्या हाताच्या पाठीवर हलकेच हात ठेवून थांबायचे, आपल्या हातातली काचेची बांगडी त्याला चाचपू द्यायची म्हणजे कोण आले ते कळेल, मग त्याचाच चमचा त्याच्या हातात द्यायचा आणि तो उठेपर्यंत वाट पाहायची. पहिले काही दिवस त्याने चमचा फेकून दिला. पुढे पाच-सहा आठवड्यांनी मी गेले, तेव्हा मावशींनी चमचा दिल्यावर तो उठला, डाव्या हाताची पाठ भिंतीला लावत चालत गेला आणि आपल्या जागी बसला. डॉक्टरांनी त्याचे औषध टप्प्याटप्प्याने कमी केले.

तेव्हा, ताई, दोन्ही ठिकाणी पुन्हा जा, पण भेटीची वेळ संस्थेने ठरवलेली नको. संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास किंवा रविवारी दुपारी जा, कारण सकाळी अकरा वाजता प्रत्येक संस्था नीटनेटकीच दिसते. तिथल्या माणसांचे हात पाहा. खोलीत शिरताना ती राहणाऱ्याला स्पर्शाने कळवतात का, निघून जाताना ‘मी जाते’ असे हातावर सांगतात का, की बोलता बोलता उठून जातात आणि तो रिकाम्या खुर्चीसमोर हात पुढे करून बसलेला राहतो? प्रत्येक काळजीवाहकाची ओळखीची खूण ठरलेली आहे का — कोणाची अंगठी, कोणाची दाढी, कोणाचे घड्याळ? सकाळी अंघोळीआधी टॉवेल, फिरायला जाण्याआधी चप्पल किंवा काठी, अशी वस्तू हातात देऊन पुढे काय घडणार ते सांगण्याची पद्धत आहे का? काही ठिकाणी अशा वस्तू दिवसाच्या क्रमाने लहान कप्प्यांच्या खोक्यात मांडून ठेवतात. काम संपले की वस्तू ‘झाले’च्या टोपलीत टाकायची, म्हणजे दिवस कुठवर आला हे हातांनी कळते. असे खोके तिथे दिसले आणि ते धूळ खात पडलेले नसेल, तर त्या संस्थेकडे नीट लक्ष द्या. चौदा जणांच्या जुन्या घरात हे असेल आणि नव्या इमारतीत नसेल, तर अपुऱ्या जागेची मला फारशी चिंता वाटणार नाही.

जागेसंबंधी मी पाहीन त्या गोष्टी साध्या आहेत. फर्निचर हलवले जाते का, दारे अर्धवट उघडी राहतात का (अर्ध्या उघड्या दाराची कड कपाळावर बसते, हे तुम्हाला मी सांगायला नको), शौचालयाच्या दाराशी पायाला वेगळी लागणारी फरशी किंवा चटई आहे का, जिन्याच्या पहिल्या पायरीआधी काही खूण आहे का, आणि त्याचे स्वतःचे असे एक कपाट असेल का, ज्यात त्याच्या परवानगीशिवाय कोणी हात घालणार नाही.

रात्रीची चौकशी मात्र बारकाईने करा. रात्री किती माणसे जागी असतात, राहणाऱ्यांच्या खोल्यांना बाहेरून कड्या लावतात का, आग लागली तर ज्याला भोंगा ऐकू येत नाही आणि धावपळ दिसत नाही त्याला कसे कळवणार? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका आश्रमाला आग लागून, साखळ्यांनी बांधून ठेवलेली २८ माणसे मरण पावली. तेव्हापासून ‘सुरक्षिततेसाठी कुलूप लावतो’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही. संकटाच्या वेळी बधिरांध व्यक्तीच्या पाठीवर बोटाने मोठी फुली काढायची, म्हणजे ‘काही न विचारता लगेच माझ्याबरोबर चल’, हा संकेत अनेक देशांत रूढ आहे. तो तुमच्या मुलाला घरीच शिकवा आणि संस्थेतल्या सर्वांना, पहारेकऱ्यासह, तो येईपर्यंत आग्रह धरा.

कागदांपैकी एक कागद पाहिल्याशिवाय पुढे बोलणी करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. धर्मादाय आयुक्तांकडची विश्वस्त संस्थेची नोंदणी वेगळी आणि ही वेगळी. पुष्कळ ठिकाणी पहिलीच फ्रेममध्ये लावून दाखवली जाते. आपल्या राज्यात चौकशीसाठी जिल्हा पातळीवरचे दिव्यांग कल्याणाचे कार्यालय आणि पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. अनामत रकमेबाबत माझे मत स्पष्ट आहे : मुलगा तिथे काही आठवडे राहून रुळल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये, आणि देताना ती कोणत्या परिस्थितीत, किती दिवसांत परत मिळेल, रुग्णालयात दाखल करावे लागल्यास सोबत कोण राहील आणि खर्च कोणी करायचा, हे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन देणारे संचालक बदलतात.

आता घरी करायचे काम, आणि ते आजपासून करायचे आहे. तुम्ही लिहिता की त्याच्या खुणा पूर्णपणे तुम्हालाच येतात. म्हणजे त्याची भाषा सध्या एका माणसाच्या जिवावर उभी आहे. मुलीला सुट्टीत बोलावून घ्या आणि मोबाइलवर एकेका खुणेचे छोटे चित्रण करा : पाणी, पोट दुखते, नको, आई, पाऊस, बाहेर जाऊ, थांब. त्याने स्वतः तयार केलेल्या, फक्त तुम्हालाच कळणाऱ्या खुणा आधी घ्या. शाळेत शिकलेल्या खुणा दुसऱ्या कोणाला तरी माहीत असतात, या नसतात. त्याबरोबर एक वही करा. तो घाबरला की काय करतो, काय केल्याने शांत होतो, कोणत्या कुशीवर झोपतो, भाकरी कुस्करून लागते की तुकडे करून, अंघोळीचे पाणी किती कढत, हे सगळे तिच्यात हवे. आणि वडिलांना सांगा की त्यांनी रोज अर्धा तास तरी मुलाशी स्वतः बोलावे, तुम्ही मध्ये न पडता. उद्या तुम्ही आठ दिवस आजारी पडलात, तर घरातल्या घरातच त्याचे बोलणे बंद पडेल.

त्या वहीत आजारपणाचेही पान हवे. जन्मजात रुबेलाचा परिणाम झालेल्यांत पुढे मोठेपणी काचबिंदू, मधुमेह किंवा थायरॉइडचे विकार होऊ शकतात, आणि हृदयाचा दोष तर जन्मापासूनच असू शकतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तान्हेपणी झालेल्या डोळ्यात काचबिंदूचा धोका राहतो, म्हणून दिसत नसले तरी डोळ्यांचा दाब तपासून घेत राहायला हवे. तो एकाएकी डोळ्यावर किंवा कपाळावर मारून घेऊ लागला, जेवेनासा झाला, तर स्वभाव बिघडला असे न म्हणता आधी डोळा, दात, कान आणि पोट तपासावे, हे संस्थेला लेखी द्या.

राहायला पाठवताना घाई करू नका. आधी दोन-चार वेळा दिवसभरासाठी सोबत जा. मग एक रात्र, नंतर शनिवार-रविवार, नंतर आठवडा. त्याची चादर, ताट, उशी घरचीच असू द्या आणि तुमची वापरलेली साडी उशाशी ठेवा, कारण वासाची ओळख त्याच्यासाठी फार मोठी आहे. प्रत्येक वेळी निघताना त्याला सांगून निघा. रडेल म्हणून झोपेत सोडून येऊ नका. परत आल्यावर तो त्या जागेची खूण काढली की आनंदतो की अंग चोरतो, हे तुम्हाला जितके कळेल तितके मला किंवा कोणत्याही अधिकाऱ्याला कळणार नाही. दिव्यांग व्यक्तीला एखाद्या विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती करता येत नाही, असे २०१६ च्या कायद्यात म्हटले आहे. तेव्हा त्याचा कौल हा या निर्णयाचा भाग आहे.

पैसा आणि पालकत्व यांविषयी थोडक्यात. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व संपते, हे पुष्कळांना बँकेत गेल्यावर कळते. अंधत्व आणि बधिरत्व एकत्र असल्यास ती व्यक्ती राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मधील बहुविकलांगतेत मोडते. या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. पुढे त्या पालकाला मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो, ही त्यातली चांगली गोष्ट. मुलीची तयारी असेल तर पालक म्हणून तिचे नाव सुचवा. पालक म्हणून सही करणे आणि रोजचे सांभाळणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिले ती पुण्यात राहूनही करू शकेल. तिच्या ‘मी सांभाळीन’ला अर्थपूर्ण जागा मिळेल. याच कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यास या संस्थेची ‘निरामया’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना घ्या आणि प्रौढांच्या निवासासाठीच्या ‘घरौंदा’ योजनेची चौकशीही तिथेच करा. तुमचे यजमान शासकीय निवृत्तिवेतनधारक असल्याने, मुलगा उपजीविका करू शकत नसेल तर तुम्हा दोघांनंतर त्याला आजीव कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी त्याचे नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तुमच्या हयातीतच कार्यालयात नोंदवून घ्या. मृत्युपत्र कराल, तेव्हा घर थेट त्याच्या नावे करण्याआधी खाजगी विश्वस्त निधीचा पर्याय वकिलांना विचारा.

शिक्षकांच्या मार्गदर्शनासाठी मुंबईतल्या हेलन केलर इन्स्टिट्यूटशी संपर्क साधा. बेरोज वाच्छा यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेली ही बधिरांधांसाठीची भारतातली पहिली शाळा. अहमदाबादची सेन्स इंडिया ही संस्थाही १९९७ पासून देशभर याच क्षेत्रात काम करते. निवडलेल्या संस्थेतल्या दोन माणसांना तरी अशा ठिकाणी प्रशिक्षणाला पाठवायला व्यवस्थापक तयार आहेत का, हे विचारा. त्या प्रश्नावर मिळणारे उत्तर तुम्हाला दोन संस्थांपैकी एक निवडायला पुरेसे ठरेल असे मला वाटते.

प्रश्न : मी परदेशात राहते. माझा भाऊ ४४ वर्षांचा, जन्मतः कर्णबधिर, राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करतो. लहानपणापासून त्याला अंधारात कमी दिसे. आता नजर नळीतून पाहिल्यासारखी झाली आहे. डॉक्टरांनी अशर सिंड्रोम (बधिरत्वासोबत हळूहळू नजरही जाण्याचा आनुवंशिक विकार) असे निदान केले. अविवाहित आहे, डोंबिवलीत एकटा राहतो. चुलत्यांचे म्हणणे, नोकरी सोडायला लावून त्याला एखाद्या आश्रमात ठेवावे आणि घराचे व्यवहार त्यांच्या सहीने व्हावेत. चांगली निवासी संस्था सुचवाल का?
— एक बहीण, अबुधाबी

उत्तर : सुचवणार नाही, कारण तुमच्या भावाला आज तिची गरज आहे असे पत्रातून मुळीच दिसत नाही. जो माणूस नोकरी करतो, स्वतंत्र राहतो, ज्याला स्वतःची पूर्ण विकसित सांकेतिक भाषा आहे, त्याला नजर कमी झाली म्हणून घरातून उठवायचे कशासाठी? त्याला हवे आहे ते प्रशिक्षण, आणि ते थोडीफार नजर शिल्लक असतानाच : पांढऱ्या काठीने चालणे (बधिरांध व्यक्तीच्या काठीवर लाल पट्टे असतात, म्हणजे हॉर्न ऐकू येत नाही हे इतरांना कळते), ब्रेल, मोबाइलला जोडायचे ब्रेल उपकरण, आणि समोरच्याच्या हातांवर हात ठेवून खुणा वाचण्याची सवय. घरी दाराची घंटा वाजल्यावर थरथरणारे यंत्र खिशात बाळगता येते.

नोकरी सोडण्याचा अर्ज त्याने कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नये. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला कामावरून काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही, अशी स्पष्ट तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे आणि राष्ट्रीयीकृत बँक तिच्या कक्षेत येते. आधीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम देता येते. बधिरांधत्वाची नोंद असलेले नवे दिव्यांग प्रमाणपत्र त्याने काढून घ्यावे.

चुलत्यांच्या सहीबद्दल मी कठोर शब्दांत लिहिते, राग मानू नये. तुमचा भाऊ सज्ञान आहे, त्याचे व्यवहार तो समजतो, त्याला पालकाची आवश्यकता नाही. पुढे कधी कागद वाचण्यासाठी मदत लागली, तर तो स्वतः निवडेल त्या माणसाने दुभाष्याच्या साहाय्याने ती करावी. चांगल्या हेतूने का होईना, त्याच्याकडून कोऱ्या किंवा न समजावलेल्या कागदावर सही घेतली जात असेल, तर तुम्ही सुट्टीची वाट न पाहता यावे. आणि आल्यावर, ताई, हा सगळा पत्रव्यवहार त्याच्यापुढे ठेवावा. त्याच्याविषयीच्या तुमच्या पत्रात त्याचे स्वतःचे मत कुठेच आलेले नाही.

प्रश्न : माझे काका जन्मांध असून ७६ वर्षांचे आहेत. गेली कित्येक वर्षे ते अंधांसाठीच्या वसतिगृहवजा निवासात आनंदाने राहत होते, भजनात पेटी वाजवत. वर्षभरात ते हट्टी झाले आहेत, हाक मारली तरी येत नाहीत, भजनालाही बसत नाहीत. संस्था म्हणते, ‘यांना घरी न्या, आता हे आमच्याच्याने होणार नाही.’ काय करावे?
— एक पुतण्या, नगर

उत्तर : त्यांना हट्टी ठरवण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या. ज्याने आयुष्यभर कानांनी पाहिले, त्याला ऐकू येईनासे होणे हे दुसऱ्यांदा आंधळे होण्यासारखे असते, आणि पेटीवर सूर कानाला लागेनासा झाला की माणूस अपमान टाळण्यासाठी भजनातून उठतो. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. कित्येकदा घट्ट मळ काढल्यावरच बराच फरक पडतो. त्यानंतर श्रवणचाचणी करून आवश्यक तर दोन्ही कानांना यंत्रे घ्या, कारण आवाज कोणत्या दिशेने आला हे अंध माणसाला दोन्ही कानांवरूनच कळते. केंद्र शासनाच्या दिव्यांगांसाठीच्या साहाय्यक उपकरणांच्या योजनेतून उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना यंत्रे मिळतात. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही चाचणीची सोय आहे.

संस्थेला विनंती करा की निर्णय चाचणीनंतर, यंत्राची सवय होईपर्यंत दोन-तीन महिने पुढे ढकलावा, आणि तोवर दुरून हाक न मारता जवळ येऊन खांद्याला हात लावून, मग बोलावे. इतक्या वर्षांची जागा, ओळखीचे जिने, ओळखीची माणसे या वयात सुटली, तर ती तुमच्या घरी उभी करणे तुम्हाला अतिशय अवघड जाईल. यंत्रे आली की काकांना सेल बदलायला शिकवा. त्यांच्या बोटांना ते डोळसांपेक्षा लवकर जमेल. एरवी असे होते की सेल संपतो, कोणाच्या लक्षात येत नाही आणि यंत्र डबीत पडून राहते. पुढच्या भेटीला जाताना सेलची दोन पाकिटे न्या, एक कार्यालयात द्या आणि दुसरे काकांच्याच कपाटात, त्यांच्या हाताने ठेवू द्या.